मात्स्यन्याय आणि मरळीची पिले

मोठा मासा लहान माशाला गिळतो, हे वाक्य आपण निवडणुकीच्या गप्पांत ऐकतो, भाऊबंदकीच्या दाव्यांत ऐकतो, पेठेतल्या व्यापाऱ्यांच्या तोंडी ऐकतो. ते इतके गुळगुळीत झाले आहे की, मुळात ते माशांविषयी आहे याचीही आठवण राहत नाही. मी आयुष्यभर इतिहास शिकवला. मात्स्यन्याय हा शब्द फळ्यावर किती वेळा लिहिला असेल, त्याला गणती नाही. पण ज्यांनी खरोखर मासे पाळले, त्यांना या न्यायाविषयी काय वाटत होते, हा प्रश्न मनात आला तो निवृत्तीनंतर. त्याचा शोध घेताना हाती आले ते या लेखात मांडतो आहे. आपल्या सीमाभागाचा या कथेत मोठा वाटा आहे, म्हणून ती याच अंकात सांगावीशी वाटली.

मासे पाळण्याचा इतिहास म्हणजे पुष्कळ अंशी शेजारी निवडण्याचा इतिहास आहे. कोणाला कोणाजवळ ठेवायचे, केव्हा ठेवायचे आणि कोणाला वेगळे काढायचे, हे ज्याला कळले त्याचे तळे भरले. ज्याला कळले नाही त्याच्या तळ्यात अखेर एकच मासा उरला.

कुंभ, खड्डा आणि समुद्र

आरंभ फार जुना आहे. शतपथ ब्राह्मणात मनू आणि मासा यांची कथा येते. पुढे महाभारतात आणि पुराणांत ती विस्ताराने आली, मत्स्यावताराशी जोडली गेली आणि प्रलयाची कथा म्हणून आपल्या घराघरांत पोहोचली. पण मूळ कथेतला पहिला भाग प्रलयाचा नाही, तो मत्स्यपालनाचा आहे. सकाळी हात धुण्यासाठी आणलेल्या पाण्यात मनूच्या हाती एक लहानसा मासा लागतो. तो म्हणतो, मला सांभाळ, मी तुला तारीन. सांभाळायचे कसे, असे मनू विचारतो. मासा सांगतो की, आम्ही लहान असतो तोवर आमचा फार नाश होतो, कारण मासाच माशाला गिळतो. म्हणून आधी मला कुंभात ठेव. कुंभात मावेनासा झालो की खड्डा खणून त्यात ठेव. त्यातही मावेनासा झालो की समुद्रात सोड, मग मला कशाचे भय उरणार नाही.

आज मत्स्यव्यवसाय खात्याच्या कोणत्याही केंद्रावर जा. तिथे तीन प्रकारची तळी दिसतील. अंड्यातून नुकत्याच निघालेल्या पिलांना, म्हणजे मत्स्यजिऱ्यांना, लहान नर्सरी तळ्यात ठेवतात. ती थोडी वाढली की संगोपन तळ्यात हलवतात. बोटाएवढी झाली की त्यांना बोटुकली म्हणतात आणि मोठ्या संवर्धन तळ्यात किंवा जलाशयात सोडतात. कुंभ, खड्डा आणि समुद्र! पायऱ्या त्याच, क्रमही तोच. ज्या कोणी ही कथा प्रथम रचली, त्याने पिले वाढवणारी माणसे डोळ्यांनी पाहिली असावीत, असे मला वाटते.

त्या कथेतली आणखी एक गोष्ट माझ्या मनात घर करून राहिली. मनूच्या हाती लागलेला मासा पुढे प्रचंड होणार आहे. तो नाव ओढून नेणार आहे. पण त्या महामत्स्यालाही बालपणी माशांचेच भय आहे. जो पुढे कोणाच्याही वाट्याला जाणार नाही, तोही पहिले काही दिवस साऱ्यांचा घास असतो.

आपल्या राज्यशास्त्राने यातला अर्धाच भाग उचलला. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात दंड नसेल तर मात्स्यन्याय माजतो, म्हणजे बलवान दुर्बळाला गिळतो, असे सांगितले आहे. शांतिपर्वातही राजा नसताना प्रजा माशांसारखी एकमेकांना खाऊ लागली, असे वर्णन आहे. बंगालच्या पाल घराण्यातील धर्मपालाच्या खालिमपूर ताम्रपटात तर मात्स्यन्याय संपवण्यासाठी लोकांनी त्याच्या पित्याला, गोपालाला, राजा केले, असा उल्लेख येतो. राजांना हा शब्द सोयीचा होता, कारण त्यातून राजाची गरज आपोआप सिद्ध होते. मात्र त्याच कौटिल्याने बांधलेल्या जलाशयांतील माशांवर राजाचे स्वामित्व सांगून ठेवले आहे. म्हणजे तळी होती, त्यांत मासे होते आणि त्यांवर उत्पन्नही होते. ज्या तळ्यात खरोखर मात्स्यन्याय चालू दिला, त्यातून राजाला फार काही मिळाले नसते. तळे राखणाऱ्याला पाण्यात सुव्यवस्था ठेवावीच लागते.

कल्याणीचा राजा आणि त्याचे मासे

ही सुव्यवस्था कशी ठेवत, याचा मोठा लेखी पुरावा आपल्याच मुलुखातला आहे. बिदर जिल्ह्यातील बसवकल्याण म्हणजे पूर्वीची कल्याणी, पश्चिम चालुक्यांची राजधानी. सहाव्या विक्रमादित्याचा मुलगा तिसरा सोमेश्वर, बिरुद भूलोकमल्ल, याने तिथे बसून शके १०५१, म्हणजे इ. स. ११२९ च्या सुमारास ‘मानसोल्लास’ हा ग्रंथ सिद्ध केला. ‘अभिलषितार्थचिंतामणी’ हे त्याचे दुसरे नाव. पाच विंशती, प्रत्येकीत वीस अध्याय, असे शंभर अध्याय. राज्य कसे मिळवावे इथपासून मांडे कसे करावेत इथपर्यंत त्यात सारे आहे. मराठीच्या अभ्यासकांना हा ग्रंथ जवळचा वाटतो, कारण त्यातल्या गीतांच्या प्रकरणात मराठी पदांचे नमुने आले आहेत. कन्नड देशीचा राजा, संस्कृत ग्रंथ आणि त्यात मराठी गाणे! आपल्या भागाचे वर्णन करायला याहून चांगला दाखला मिळणार नाही. वडोदऱ्याच्या गायकवाड प्राच्यविद्या मालेत गजानन श्रीगोंदेकरांनी तो संपादून छापला. पहिला खंड १९२५ साली निघाला आणि तिसरा १९६१ साली.

याच ग्रंथाच्या चौथ्या विंशतीत मत्स्यविनोद हे प्रकरण आहे. राजाने गळ टाकून मासे कसे पकडावेत, हा त्याचा वरवरचा विषय. पण गळ टाकण्याआधी मासा ओळखावा लागतो आणि त्याला खाऊ घालून एके ठिकाणी आणावे लागते. म्हणून त्यात सुमारे पस्तीस जातींच्या माशांची मांडणी आली आहे. समुद्रातले कोणते आणि गोड्या पाण्यातले कोणते, खवल्यांचे कोणते आणि बिनखवल्यांचे कोणते, थोर, मध्यम आणि लहान कोणते. आणि मग कोणाला काय खायला घालावे, हे येते. पीठ आणि तीळ यांचे गोळे कोणाला, मांस कोणाला, हे जातीप्रमाणे वेगळे. भारतीय प्राणिसर्वेक्षण संस्थेचे संचालक डॉ. सुंदरलाल होरा यांनी १९५१ साली या प्रकरणावर इंग्रजीत लेख लिहिला आणि तेव्हापासून मत्स्यशास्त्राच्या जगात सोमेश्वराचे नाव आदराने घेतले जाऊ लागले.

मला या प्रकरणात महत्त्वाचे वाटते ते असे की, राजाने माशांची विभागणी मोठा आणि लहान एवढ्यावरच सोडली नाही. कोण काय खातो, हाही प्रश्न त्याने तितक्याच आस्थेने विचारला. शेजारी निवडायचे तर हा प्रश्न टाळून चालत नाही. दोन मासे सारख्याच आकाराचे असले तरी एकाच घासासाठी भांडत असतील, तर त्यांचे जमत नाही. उलट एक तळाशी खाणारा आणि एक वर खाणारा असेल, तर आकारात फरक असूनही दोघे सुखाने राहू शकतात.

साहेबाच्या वहीत मराठी नावे

कल्याणीनंतर सुमारे सातशे वर्षांनी दख्खनच्या माशांची दुसरी मोठी नोंद झाली. नोंद करणारा होता कर्नल विल्यम हेन्री साइक्स. हा मुंबई सरकारच्या नोकरीत आकडेवारी गोळा करणारा अधिकारी. पिके, पाऊस, लोकसंख्या यांच्याबरोबर घाटापलीकडच्या नद्यांतले पक्षी आणि मासेही त्याने टिपले. दख्खनच्या माशांवरचा त्याचा निबंध लंडनमध्ये १८३९ साली प्रसिद्ध झाला. त्याची एक रीत मला फार आवडते. नव्या माशाला लॅटिन नाव देताना त्याने पुष्कळदा स्थानिक नाव तसेच ठेवले. म्हणून खुद्री, शिंगटी, नुक्ता, टाकरी ही भीमा आणि मुळा-मुठेच्या काठची नावे आज जगभरच्या शास्त्रग्रंथांत आहेत. कोणा भोयाने साहेबाला मासा हातात धरून सांगितलेले नाव जपानमधला विद्यार्थीही उच्चारतो.

साइक्सने मोठ्या मरळीचेही वर्णन केले आणि पांढऱ्या ठिपक्यांची म्हणून तिला वेगळे नाव दिले. पुढे कळले की, हॅमिल्टन-बुकॅनन याने १८२२ सालीच गंगेच्या माशांच्या ग्रंथात तिचे बारसे केले होते. दुसरी पट्ट्यांची मरळ बर्लिनच्या ब्लोख नावाच्या वैद्याने त्याआधी, १७९३ साली, वर्णिली होती. शास्त्रीय नावांचा हा गोंधळ राहू दे. बाजारात गोंधळ नसतो. पट्ट्यांच्या मरळीला तेलुगूत कोरमेनू म्हणतात. मोठ्या, ठिपक्यांच्या मरळीला तेलुगूत पूमेनू आणि कन्नडात हूविन मुर्ल म्हणतात. दोन्हींचा अर्थ फुलाची मरळ. अंगावरचे पांढरे ठिपके पाहून साइक्सला रंग आठवला, आपल्या माणसांना फुले आठवली.

मात्स्यन्यायाची परीक्षा घ्यायची तर मरळीसारखा दुसरा मासा नाही, म्हणून आता तिच्याकडे वळतो.

मरळीचे घर

मरळ पक्की शिकारी. डोके सापासारखे चपटे, जबडा रुंद, दात बारीक पण तीक्ष्ण. लहान मासे, बेडूक, झिंगे, पाण्यातले किडे, जे समोर येईल ते तिचे. कल्ल्यांच्या वर तिला हवा घेण्याची खास पोकळी असते, म्हणून ती मधूनमधून पृष्ठावर येऊन श्वास घेते. उन्हाळ्यात तळे आटले तर ओल्या चिखलात दडून राहते. मोठ्या पावसात ओल्या गवतावरून सरकत एका डबक्यातून दुसऱ्यात जाते. वरच्या हवेपर्यंत तिला येऊ दिले नाही, तर ती पाण्यातच गुदमरते. बाजारात घमेल्यातल्या थोड्याशा पाण्यात ती तासन्‌तास जिवंत दिसते, ती याच कारणाने. घरी आणेपर्यंत ताजी राहणारी म्हणून तिला भावही जास्त.

अशा या शिकाऱ्याचे बाळंतपण मात्र पाहण्यासारखे असते. पावसाळ्यात उथळ, शांत पाण्यात पाणवनस्पती बाजूला सारून नर-मादी थोडी मोकळी जागा करतात. अंडी तेलकट असल्यामुळे पाण्यावर तरंगतात. पिवळसर मण्यांचा थरच जणू. एक ते दीड दिवसात पिले बाहेर येतात. पहिले काही दिवस पोटाला चिकटलेल्या बलकावर निघतात, मग पाण्यातले सूक्ष्म जीव, म्हणजे प्लवंग, खाऊ लागतात. शेकडो पिलांचा लालसर-नारिंगी गोळा पाण्याच्या वरच्या थरात फिरत असतो आणि त्याच्या खाली मोठी मरळ पहारा देत असते. कोणी बेडूक किंवा मासा जवळ आला की ती धावून जाते. पिलांवर हात घातला तर माणसाच्या हातालाही चावायला कमी करत नाही. काही आठवडे हा पहारा चालतो.

हा पहारा संपतो तेव्हा खरी मौज, किंवा खरे म्हणजे खरी भीती, सुरू होते. पिले बोटभर झाली की गोळा फुटतो. ज्याने दोन घास जास्त खाल्ले तो भावंडांपेक्षा मोठा होतो आणि मग तो भावंडांनाच गिळू लागतो. मरळीचे पिल्लू आपल्या निम्म्याएवढ्या लांबीच्या भावाला सहज गिळू शकते. म्हणून मरळी वाढवणारे शेतकरी दर आठवड्याला पिले चाळून आकाराप्रमाणे वेगळी करतात. लहानांत लहान, मध्यमांत मध्यम. खाद्य वेळेवर आणि पोटभर मिळाले तर भाऊबंदकी पुष्कळ कमी होते, पूर्ण थांबत नाही. मनूच्या माशाने सांगितलेले भय इथे घरातच उभे असते. पिलाला शेजाऱ्याइतकेच सख्ख्या भावापासूनही वाचवावे लागते.

आपल्याकडच्या काही जुन्या मासेमारांना या बाळंतपणाचा दुसराही उपयोग ठाऊक होता. पिलांचा लाल गोळा दिसला की खाली मोठी मरळ आहे, हे निश्चित. फेकजाळे टाका की ती हाती लागते. पालक गेला की तासाभरात बेडूक आणि इतर मासे पिलांचा फडशा पाडतात. एक मासा काढला म्हणजे एक पिढी काढली. शहाणे भोई म्हणूनच गोळ्यावर जाळे टाकत नसत. तो धर्म होता की हिशेब, हे वेगळे सांगता येणार नाही, कारण त्यांच्या घरी दोन्ही एकच असत.

मृगाचा दिवस

हैदराबादच्या मराठी वाचकांना मरळीचे पिल्लू वेगळ्या कारणाने परिचयाचे आहे. दर वर्षी जूनच्या पहिल्या पंधरवड्यात, मृग नक्षत्र लागताना, तिथले बत्तिनी कुटुंब दम्याच्या रुग्णांना जिवंत मरळीच्या बोटुकलीच्या तोंडात एक पिवळे औषध भरून गिळायला देते. ही परंपरा ते १८४५ पासून सांगतात. नामपल्लीच्या प्रदर्शन मैदानावर रात्रभर रांगा लागतात. या औषधाने दमा बरा होतो याला वैद्यकशास्त्राने पुरावा दिलेला नाही आणि डॉक्टरांनी त्यावर वेळोवेळी आक्षेप घेतले आहेत. त्या वादात मी इथे शिरत नाही.

माझा मुद्दा इतकाच की, एका ठरावीक दिवशी एकाच आकाराची हजारो जिवंत पिले हजर करायची, हे किती अवघड काम आहे! ती आधीच गोळा करून, एकमेकांना खाऊ न देता, आकाराप्रमाणे वेगवेगळ्या हौदांत राखावी लागतात. मत्स्यव्यवसाय खाते हे काम करत आले आहे. मृगाच्या दिवशी मासे खाण्याची तेलंगणात तशीही रूढी आहे. २०१६ साली त्या राज्याने कोरमेनूला आपला राज्यमासा ठरवले. शिकारी माशाला असा मान क्वचितच मिळतो.

पाहुणे, शत्रू आणि मित्र

मरळीला मान मिळत होता, त्याच काळात दुसरीकडे तिला शत्रूही ठरवले जात होते. १० जुलै १९५७ रोजी ओडिशात डॉ. हिरालाल चौधुरी आणि डॉ. अलीकुन्ही यांनी संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन कार्प जातीच्या माशांना तळ्यात अंडी घालायला लावले. त्या दिवसाची आठवण म्हणून आज राष्ट्रीय मत्स्यशेतकरी दिन पाळतात. नदीच्या पुरातून मत्स्यबीज गोळा करण्याची गरज यामुळे संपत आली आणि गावोगावी तळी भरू लागली. १९७१ पासून देशभर मिश्र मत्स्यशेतीचे प्रयोग झाले. कटला वरच्या थरात खातो, रोहू मधल्या, मृगळ तळाशी. त्यांच्या जोडीला १९५९ साली परदेशातून आणलेले चंदेरी आणि गवत्या कार्प. एकाच तळ्यात पाच-सहा जाती, आणि कोणाचा घास कोणाच्या वाट्याला जात नाही. सोमेश्वराने माशांच्या खाण्याची जी मांडणी केली होती, तिचे हे मोठे शेतकी रूप म्हणायला हरकत नाही.

पण या मांडणीत मरळीला जागा नव्हती. बीज सोडण्याआधी तळ्यात मोहाची पेंड टाकायची, हेक्टरी मीटरभर पाण्याला सुमारे अडीच हजार किलो, म्हणजे त्यातल्या विषाने मरळ, मोठ्या मिशांचे शिकारी मासे आणि बाकीचे नको असलेले मासे मरतात. काही दिवसांनी विषाचा अंश संपतो आणि पेंडीचे खत होते. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे अगदी रास्त आहे. रोहूच्या मत्स्यजिऱ्यांत मरळ ठेवली तर रोहू उरणार नाही. मनूचा कुंभ हाच.

तरीही मरळ अखेर कामाला आली. १९५२ साली भारतात तिलापिया आणला. हा मासा इतक्या भराभरा पिले काढतो की, तळे छोट्या, खुरटलेल्या माशांनी भरून जाते आणि एकही विकण्याजोगा होत नाही. अशा तळ्यात थोड्या मरळी सोडल्या तर त्या पिले खातात आणि उरलेले तिलापिये मोठे होतात. मात्र मरळी आकाराने लहान असताना सोडाव्यात, म्हणजे त्यांना मोठे तिलापिये गिळता येत नाहीत. त्याच मरळीला एका तळ्यातून विष घालून काढले आणि दुसऱ्यात मुद्दाम आणून सोडले. शेजारी चांगला की वाईट, हे त्याच्या स्वभावावर जितके असते तितकेच वेळेवर आणि आकारावर असते.

लोणावळ्याचा खुद्री कावेरीत

इथवरच्या साऱ्या गोष्टी तळ्यातल्या. तळ्यात चूक झाली तर पुढच्या उन्हाळ्यात तळे आटवून नव्याने सुरुवात करता येते. नदीत तसे नाही. म्हणून एक प्रसंग सांगितल्यावाचून राहवत नाही.

साइक्सने भीमेच्या खोऱ्यात खुद्री नोंदवला, तो महाशीर जातीचा देखणा मासा. धरणांमुळे तो कमी होत चालला, तेव्हा १९७० च्या सुमारास लोणावळ्याजवळच्या टाटांच्या तलावांवर त्याची पैदास सुरू झाली. हे काम मोठ्या निष्ठेने झाले. तिथली पिले देशभरच्या नद्यांत आणि जलाशयांत पाठवली गेली, आणि त्यांत कर्नाटकातली कावेरीही होती.

कावेरीत पूर्वीपासून एक दुसरा महाशीर होता, पाठीवर उंचवटा असलेला, केशरी शेपटीचा, जगातल्या सर्वांत मोठ्या महाशीरांपैकी एक. १९४६ साली म्हैसूरजवळ काबिनी नदीत गळाला लागलेल्या एकाचे वजन सुमारे ५४ किलो भरले होते. इंग्रज गळवाल्यांनी त्याच्यावर पुस्तके लिहिली. पण त्याचे शास्त्रीय नाव कोणी पक्के केले नव्हते. गळ टाकून पकडून पुन्हा सोडण्याची पद्धत तिथे होती आणि पकडलेल्या माशांच्या नोंदी ठेवल्या जात. १९९८ ते २०१२ या काळातल्या नोंदी अभ्यासकांनी तपासल्या, तेव्हा दिसले की, बाहेरून आलेला खुद्री वाढत गेला आणि मूळचा कुबडा महाशीर घटत गेला. २०१८ साली कुबड्याची शास्त्रीय ओळख पटली आणि त्याच वर्षी त्याची नोंद अतिसंकटग्रस्त प्राण्यांत झाली. खुद्रीवरचे संकट मात्र त्याच वर्षी सौम्य ठरवले गेले.

नाव मिळायला आणि यादीत नाव यायला एकच साल! खुद्रीने कुबड्याला गिळले नाही. दोघे नात्याने जवळचे, दोघांची भूक सारखी, दोघांना राहायला तेच पाणी हवे. सोमेश्वराने विचारलेला प्रश्न, कोण काय खातो हा, कावेरीच्या काठी कोणी विचारला नाही. प्रत्येकाने आपापल्या भल्यासाठी केले आणि एका नदीचा हजारो वर्षांचा मासा काठावर आला. मात्स्यन्यायाच्या जुन्या व्याख्येत असे मरण बसत नाही, म्हणून ते दिसायलाही वेळ लागला.

काचेची पेटी

आता घरातल्या पाण्याकडे येतो, कारण आजच्या बहुतेक मुलांचा माशांशी संबंध तिथेच येतो. काचेच्या पेटीत मासे ठेवण्याची रीत तशी अलीकडची. लंडनच्या रॉबर्ट वॉरिंग्टन नावाच्या रसायनज्ञाने १८५० साली सोनमासे, पाणवनस्पती आणि गोगलगायी एकत्र ठेवल्या. वनस्पती प्राणवायू देते, गोगलगाय कुजका पाला खाते, आणि पाणी न बदलता मासे जगतात, हे त्याने दाखवले. पहिली पेटीच मुळी योग्य शेजाऱ्यांवर उभी राहिली. १८५३ साली लंडनच्या प्राणिसंग्रहालयात मत्स्यालय उघडले. मुंबईच्या मरीन ड्राइव्हवर तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली उघडले, आणि पुढची अनेक वर्षे मुंबईला गेलेल्या शाळांच्या सहली तिथे थांबल्यावाचून परतत नसत.

आज दुकानांत ॲमेझॉन खोऱ्यातल्या ऑस्करची दोन बोटांची पिले मिळतात. दिसायला गोड, माणसाला ओळखणारी. वर्ष-दीड वर्षात ती फूटभर होतात आणि पेटीतले गप्पी एकेक करून नाहीसे होतात. काही हौशी लोक मरळीची पिलेही पाळतात. दोघांनाही लागू पडणारा हिशेब जुनाच आहे. तोंडात मावेल तो शेजारी नव्हे, घास आहे. पिले विकत घ्यायची तर एकाच आकाराची घ्यावीत आणि मोठी होऊ लागलेली वेगळी काढावीत. पोट भरलेले ठेवावे, पण उरलेले खाद्य पाण्यात कुजू देऊ नये. जोडीला ठेवायचा मासा आकाराने बरोबरीचा आणि वेगळ्या थरात राहणारा असावा. मरळ असेल तर पेटीवर झाकण हवे, नाहीतर ती रात्री बाहेर उडी घेते. पण झाकण आणि पाणी यांत हवेची जागाही हवी, कारण तिला वर येऊन श्वास घ्यावा लागतो.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे पेटीत मावेनासा झालेला मासा ओढ्यात, विहिरीत किंवा गावच्या तळ्यात सोडू नये. मनूने आपला मासा समुद्रात सोडला, कारण तो समुद्राचाच होता. ऑस्कर आपल्या तळ्याचा नाही. आफ्रिकी मांगूर असाच आपल्या पाण्यांत शिरला. २००० साली केंद्र सरकारने त्याच्या पालनावर बंदी घातली, तरी तो अजून पुष्कळ पाण्यांत सापडतो. दुकानदार परत घेत असेल तर त्याला द्यावा, नाहीतर मोठी पेटी असलेल्या कोणाला द्यावा.

शेवटी एक विनंती. आपल्या गावच्या भोयांना, बेस्तरांना, तळ्याकाठच्या जुन्या माणसांना त्यांच्या माशांची नावे विचारा आणि मराठी, कन्नड, तेलुगू, जी मिळतील ती वहीत लिहून ठेवा. साइक्सला ती एका साहेबाच्या हौसेपायी मिळाली, आपल्याला तर शेजारी विचारायचे आहे. आणि येत्या पावसाळ्यात शेताच्या बांधावरून जाताना डबक्यात लालसर पिलांचा गोळा दिसला, तर मुलांना हाक मारून दाखवा. खाली मोठी मरळ असेल. जाळे टाकू नका.